जुन्या लॅपटॉपला एसएसडी बसवताना : नवख्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

२०१२ ते २०१८ या काळात घेतलेले पुष्कळ लॅपटॉप आज इतके मंद वाटतात की प्रोसेसर जुना झाला, आता नवे यंत्र घेण्यावाचून पर्याय नाही, अशीच त्यांच्या मालकांची समजूत होते. पत्रव्यवहार, हिशेब, वेबवाचन, व्हिडिओ पाहणे आणि ऑनलाइन वर्ग एवढ्या कामांना त्या काळातला कोअर आय-३ किंवा आय-५ प्रोसेसर मात्र अजूनही पुरतो. काम अडते ते फिरत्या हार्ड डिस्कपाशी. ही डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी, म्हणजे सॉलिड स्टेट ड्राइव्ह, बसवणे हे घरच्या घरी करता येण्याजोगे काम आहे. त्यातला स्क्रू काढण्या-लावण्याचा भाग सर्वांत सोपा असतो. खरी काळजी त्याच्या आधी घ्यायची असते : आपल्या यंत्रात नेमकी कोणती ड्राइव्ह बसते हे ओळखण्यात आणि जुन्या डिस्कवरचे काहीही गमावणार नाही याची व्यवस्था करण्यात. म्हणून या लेखातही त्या तयारीलाच जास्त जागा दिली आहे.

फरक इतका का पडतो, हे आधी समजून घेतलेले बरे. लॅपटॉपमधल्या साध्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचण्यासाठी वाचक-दांडा योग्य वर्तुळावर जावा लागतो आणि मग तबकडीचा तो भाग फिरत त्याच्याखाली यावा लागतो. या दोन्हींचा मिळून सरासरी वेळ पंधरा-सतरा मिलिसेकंदांच्या घरात जातो. याचा अर्थ विखुरलेल्या लहान फायली वाचताना अशी डिस्क सेकंदाला साठ-सत्तर विनंत्याच पुऱ्या करू शकते. विंडोज सुरू होताना किंवा ब्राउझर उघडताना अशा हजारो विनंत्या एकामागून एक येतात, आणि यंत्र ताटकळत बसते. एसएसडीत फिरणारे काहीच नसते. माहिती फ्लॅश चिपांमध्ये असल्यामुळे कोणत्याही जागेपर्यंत पोहोचायला मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच वेळ लागतो. जाहिरातीत ठळकपणे छापलेला ‘सेकंदाला ५५० एमबी’ हा वेग मोठी फाइल सलग वाचतानाचा आहे. रोजच्या वापरात जाणवते ती गोष्ट वेगळी, ती म्हणजे उत्तर मिळायला लागणारा हा अल्प वेळ.

आपल्या लॅपटॉपचा अडसर खरोखर डिस्कच आहे का, हे पैसे खर्च करण्यापूर्वी तपासावे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या परफॉर्मन्स या भागात, यंत्र अडखळत असताना, डिस्कचा आकडा बराच वेळ १०० टक्क्यांना चिकटलेला आणि सीपीयूचा आकडा बराच खाली दिसत असेल, तर निदान पक्के झाले. मेमरीही त्याच वेळी ८५-९० टक्क्यांच्या वर असेल तर रॅमही अपुरी आहे असे समजावे; ४ जीबी रॅमच्या यंत्रात एसएसडी बसवली तर फायदा होतोच, पण रॅमही ८ जीबी केली तरच तो पूर्ण पदरात पडतो. उलट सीपीयूच सतत शंभरावर असेल, किंवा पंखा धुळीने भरून यंत्र तापत असेल, तर ड्राइव्ह बदलून तो प्रश्न सुटणार नाही.

कोणत्या प्रकारची ड्राइव्ह बसते

येथे चूक झाली तर विकत आणलेली वस्तू परत करायची वेळ येते, म्हणून या टप्प्याला घाई करू नये. लॅपटॉपच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवर मॉडेलचे पूर्ण नाव असते. ‘इन्स्पिरॉन’ किंवा ‘पॅव्हिलियन’ एवढ्यावर थांबू नये, पुढचा क्रमांकही उतरवून घ्यावा. त्या क्रमांकाची सेवा-पुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. लेनोवो तिला हार्डवेअर मेंटेनन्स मॅन्युअल म्हणते, एचपी मेंटेनन्स अँड सर्व्हिस गाइड म्हणते आणि डेल सर्व्हिस मॅन्युअल किंवा ओनर्स मॅन्युअल म्हणते. कोणता स्क्रू कोठे आहे, ड्राइव्हचा कप्पा कोठे उघडतो आणि त्यात काय बसते, हे सारे त्यात चित्रांसह असते. कुणा अनोळखी माणसाच्या व्हिडिओवर विसंबण्यापेक्षा ही पुस्तिका आधी वाचावी, कारण एकाच नावाखाली आतून वेगळी असलेली यंत्रे सर्रास विकली जातात.

फिरती हार्ड डिस्क असलेल्या लॅपटॉपमध्ये बहुधा अडीच इंची साटा ड्राइव्ह असते; साटा हे ड्राइव्ह मदरबोर्डाला, म्हणजे यंत्राच्या मुख्य सर्किट-पट्टीला, जोडण्याच्या पद्धतीचे नाव आहे. तिच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी सरळ बसते. जोडणीचा आकार तोच असतो. फक्त जाडी पाहावी लागते. जुन्या हार्ड डिस्क ९.५ मिमी किंवा ७ मिमी जाडीच्या असतात आणि आजच्या एसएसडी साधारणपणे ७ मिमीच्या असतात. कप्पा ९.५ मिमीचा असेल तर ड्राइव्ह आत हलू नये म्हणून अडीच मिमी जाडीची प्लॅस्टिकची चौकट लावतात. काही एसएसडींसोबत ती मिळते.

साटाच्या तीन पिढ्या आहेत, आणि त्यांचा कमाल वेग अनुक्रमे सेकंदाला १५०, ३०० आणि ६०० एमबी असा आहे. २०१२ नंतरच्या बहुतेक यंत्रांत तिसरी पिढी असते. तुमचा लॅपटॉप त्याहून जुना, दुसऱ्या पिढीचा निघाला तरी नवी एसएसडी त्यावर चालते, केवळ सलग वाचनाचा वेग निम्म्यावर येतो. लहान फायलींचा प्रतिसाद जवळजवळ तसाच राहतो, म्हणून केवळ या कारणासाठी विचार सोडून देऊ नये. रुंद पट्टीच्या केबलने जोडली जाणारी, साटाच्या आधीची आयडीई डिस्क असलेल्या यंत्रावर मात्र खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

२०१५ नंतरच्या अनेक लॅपटॉपांत अडीच इंची कप्प्याबरोबर एम.२ नावाची अरुंद खाचही असते, आणि नवखे लोक सर्वाधिक फसतात ते येथे. एम.२ हा केवळ आकार आहे; त्या आकाराची ड्राइव्ह आतून साटा असू शकते किंवा एनव्हीएमई या नव्या, अधिक वेगवान पद्धतीची असू शकते, आणि काही खाचा या दोहोंपैकी एकच प्रकार स्वीकारतात. साटा प्रकारच्या एम.२ ड्राइव्हच्या सोनेरी कडेला सहसा दोन खोबणी असतात आणि एनव्हीएमईला सहसा एक. पण दोन खोबणींच्या एनव्हीएमई ड्राइव्हही बाजारात आहेत, त्यामुळे केवळ डोळ्यांनी पाहून निर्णय घेऊ नये, पुस्तिकेत पाहावे. ड्राइव्हवरचा २२८० हा आकडा २२ मिमी रुंदी आणि ८० मिमी लांबी सांगतो. लॅपटॉपमध्ये स्क्रूची जागा त्या लांबीवर आहे का, तेही तपासावे. जुन्या यंत्रांचे बायोस (यंत्र चालू होताना सर्वांत आधी चालणारे अंगभूत प्रोग्राम) एनव्हीएमई ड्राइव्हवरून सुरू होण्यास बहुधा असमर्थ असतात, तेव्हा तेथे साटाच घ्यावी.

दोन अपवादही लक्षात ठेवावेत. अगदी स्वस्तात विकल्या गेलेल्या काही लॅपटॉपांत ३२ किंवा ६४ जीबीची ईएमएमसी साठवण मदरबोर्डावरच झाळलेली असते. ती बदलता येत नाही, आणि रिकामी खाच नसेल तर तेथे हा मार्ग बंद आहे. ॲपलच्या मॅकबुक प्रोमध्ये २०१२च्या मध्यापर्यंतच्या, रेटिना पडदा नसलेल्या यंत्रांत साधी अडीच इंची साटा डिस्क आहे आणि ती सहज बदलता येते; रेटिना मालिकेपासून ॲपलने स्वतःची वेगळी जोडणी वापरली.

कोणती घ्यावी

क्षमता ठरवताना आधी सी आणि डी या विभागांत मिळून प्रत्यक्ष किती जागा भरली आहे ते पाहावे आणि त्याच्या निदान दीडपट क्षमतेची ड्राइव्ह घ्यावी, कारण एसएसडी काठोकाठ भरली की तिचे लिहिण्याचे काम मंदावते. साधारण घरगुती वापराला ५०० जीबी योग्य आहे. विंडोजमध्ये ती ४६५ जीबी दिसेल. यात फसवणूक नाही, कंपनी दशमान पद्धतीने मोजते आणि विंडोज १,०२४च्या पटीत.

एसएसडी लिहून लिहून झिजते, ही भीती बऱ्याच जणांना असते. कंपन्या ही मर्यादा टीबीडब्ल्यू, म्हणजे एकूण किती टेराबाइट लिहिता येतील, या आकड्यात सांगतात. सॅमसंग ८७० इव्होच्या ५०० जीबी ड्राइव्हला ३०० टीबीडब्ल्यू आणि पाच वर्षांची हमी आहे. क्रूशियल एमएक्स ५००च्या त्याच क्षमतेला १८० टीबीडब्ल्यू आणि तितकीच हमी आहे. रोज २० जीबी लिहिले तर वर्षाला सात टीबीच्या थोडे वर जातात, म्हणजे पहिल्या ड्राइव्हची मर्यादा गाठायला चाळीस वर्षे लागतील. घरगुती वापरात ड्राइव्ह झिजण्याआधी लॅपटॉपच निवृत्त होतो.

काळजी करायची ती नकली आणि निनावी मालाची. ओळखीच्या कंपन्यांच्या तुलनेत अगदी नगण्य किमतीत दोन किंवा चार टीबी देऊ करणाऱ्या ड्राइव्हपासून दूर राहावे. अशा वस्तूंत कंट्रोलर, म्हणजे ड्राइव्ह चालवणारी चिप, खोटी क्षमता सांगतो आणि खरी जागा संपली की आधीचा मजकूर नष्ट होतो. खरेदी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर करा, पुण्याच्या तपकीर गल्लीत करा किंवा ऑनलाइन करा, जीएसटीचे पक्के बिल घ्यावे आणि बिलावर ड्राइव्हचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. हमीचा दावा त्याच्याशिवाय अडतो.

ड्राइव्हबरोबर चांगल्या पोलादाचा लहान स्टार स्क्रू ड्रायव्हर घ्यावा. स्वस्त ड्रायव्हरने स्क्रूची डोकी झिजतात आणि मग साधे काम अवघड होते. त्याखेरीज यूएसबी-साटा केबल किंवा अडीच इंची एन्क्लोजर (ड्राइव्ह आत घालून यूएसबीने जोडण्याची डबी), आणि ८ जीबी किंवा त्याहून मोठा रिकामा पेनड्राइव्ह लागेल.

जुन्या डिस्कवरचा मजकूर

पहिले काम जुन्या डिस्कची प्रकृती पाहण्याचे. क्रिस्टलडिस्कइन्फो हा विनामूल्य प्रोग्राम डिस्कने स्वतःविषयी ठेवलेल्या नोंदी वाचून दाखवतो. रीॲलोकेटेड सेक्टर्स किंवा करंट पेंडिंग सेक्टर या ओळींपुढे इशारा दिसत असेल, डिस्क टकटक आवाज करत असेल किंवा फायली उघडताना चुका येत असतील, तर बाकी सर्व बेत बाजूला ठेवून आधी महत्त्वाच्या फायली दुसऱ्या जागी उतरवून घ्याव्यात. अशा डिस्कवर क्लोनिंगसारखे (डिस्कची जशीच्या तशी प्रत काढण्यासारखे) तासन्‌तास चालणारे काम लावले तर ती मध्येच कायमची बंद पडू शकते.

डिस्क निरोगी असली तरी बॅकअप अनिवार्य आहे, आणि तो या दोन ड्राइव्ह सोडून तिसऱ्या जागी असावा. डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि छायाचित्रे सर्वांना आठवतात. विसरल्या जातात त्या पुढच्या गोष्टी. ब्राउझरमधले पासवर्ड आणि बुकमार्क. आउटलुकची पीएसटी फाइल. टॅलीचा डेटा फोल्डर, जो सी ड्राइव्हवर कोठेही असू शकतो. टॅलीच्या पडद्यावर कंपनी निवडताना त्याचा मार्ग दिसतो, तो लिहून ठेवावा. टॅलीचा परवाना यंत्राशी बांधलेला असल्याने, नव्याने मांडणी (कोऱ्या ड्राइव्हवर विंडोज पुन्हा घालणे) करणार असाल तर जुनी डिस्क चालू असतानाच तो सरेंडर करून ठेवावा, म्हणजे नव्या ड्राइव्हवर पुन्हा सक्रिय करताना अडचण येत नाही. जीएसटी किंवा निविदांसाठी डिजिटल सही वापरणाऱ्यांनी आपल्या यूएसबी टोकनचा ड्रायव्हर (ते चालवणारा प्रोग्राम) कोणता आहे ते नोंदवून ठेवावे. सही टोकनमध्येच असते, पण ड्रायव्हर नव्याने घालावा लागतो.

मराठीत काम करणाऱ्यांनी आणखी एका गोष्टीकडे आवर्जून लक्ष द्यावे. युनिकोड रूढ होण्यापूर्वीचा मजकूर श्रीलिपी, कृतिदेव किंवा सी-डॅकच्या आयएसएममधील डीव्हीबी मालिकेच्या फॉन्टांत लिहिलेला असतो, आणि तो फॉन्ट यंत्रावर नसला की फाइल उघडते पण अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात. संस्थांची जुनी इतिवृत्ते, लग्नपत्रिका, दिवाळी अंकांची पाने, शाळेच्या प्रश्नपत्रिका असा मोठा ठेवा अनेकांच्या यंत्रांत या रूपात पडून आहे. म्हणून विंडोजचा संपूर्ण फॉन्ट्स फोल्डर बॅकअपमध्ये घ्यावा, श्रीलिपीसारख्या प्रणालीचा परवाना, तिची सीडी किंवा डोंगल हाताशी असल्याची खात्री करावी, आणि जमल्यास जुन्या डिस्कवरूनच त्या फायलींच्या पीडीएफ प्रती काढून ठेवाव्यात.

बॅकअप झाल्यावर त्यातल्या चार-सहा फायली दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहाव्यात. उघडून न पाहिलेला बॅकअप झाला असे मानू नये.

क्लोन की नवी मांडणी

येथे दोन वाटा आहेत. क्लोन म्हणजे जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत. सर्व प्रोग्राम, परवाने, पासवर्ड आणि त्याबरोबर वर्षानुवर्षांचा कचराही नव्या ड्राइव्हवर येतो. नवी मांडणी म्हणजे कोऱ्या एसएसडीवर ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने घालणे. पुन्हा मिळवता न येणारा एखादा प्रोग्राम यंत्रावर असेल तर क्लोन करावा. एरवी मी नव्या मांडणीचाच आग्रह धरीन. सात-आठ वर्षे वापरलेल्या विंडोजमध्ये जे साचलेले असते ते नव्या ड्राइव्हवर ओढून नेण्यात अर्थ नाही, आणि नवी मांडणी करताना जुनी डिस्क पूर्ण अस्पर्श राहते, हा फायदा फार मोठा आहे : काही बिनसले तर ती परत बसवली की यंत्र आहे तसे चालू होते.

क्लोन करायचा ठरला तर नवी ड्राइव्ह जुनीइतकी किंवा तिच्याहून मोठी असावी. लहान ड्राइव्हवर क्लोन करणे काही प्रोग्रामांत जमते, क्लोनझिलासारख्या साधनांत मात्र आधी जुन्या डिस्कवरचे विभाग (पार्टिशन) आक्रसून घ्यावे लागतात. सॅमसंग, क्रूशियल यांसारख्या कंपन्या आपल्या ड्राइव्हसाठी क्लोनिंगचा प्रोग्राम मोफत देतात, नवख्याने तोच वापरावा. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा मजकूर कूटबद्ध करण्याची विंडोजची सोय) चालू असेल तर ते आधी पूर्ण बंद करावे आणि रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी. नवी ड्राइव्ह यूएसबी केबलने जोडावी, ‘सोर्स’मध्ये जुनी आणि ‘टार्गेट’मध्ये नवीच निवडली आहे हे नाव आणि क्षमता वाचून दोनदा पाहावे, कारण येथे अदलाबदल झाली तर सर्व मजकूर पुसला जातो. २०० जीबी मजकुराला यूएसबी २.० वरून पावणेदोन तासांच्या आसपास लागतात, यूएसबी ३.० वरून पाऊण तासाच्या आत काम होऊ शकते. लॅपटॉपची बॅटरी निकामी झाली असेल तर हे काम इन्व्हर्टरच्या आधारावरच करावे. मध्ये वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

प्रत्यक्ष बसवणी

उदाहरणासाठी लेनोवोचा थिंकपॅड एक्स २३० घेऊ. २०१२ साली आलेले हे यंत्र कंपन्यांच्या कार्यालयांतून मोठ्या संख्येने वापरले गेले आणि आता जुन्या लॅपटॉपांच्या बाजारात विद्यार्थ्यांकडे येते. त्याचा कप्पा ७ मिमीचा आहे, जोडणी साटाच्या तिसऱ्या पिढीची आहे आणि रॅमच्या दोन खाचांत मिळून १६ जीबीपर्यंत मेमरी मावते, त्यामुळे या कामाला ते फार सोयीचे आहे.

यंत्र रीस्टार्ट किंवा स्लीप न करता पूर्ण बंद करावे. विंडोजचे फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शिफ्ट दाबून धरत शटडाउन करावे. चार्जर काढावा, यंत्र उलटे करून मागची बॅटरी खटके सरकवून काढावी आणि मग पॉवरचे बटण पाच-सहा सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेला विद्युतभार निघून जातो. टेबलावर जाड सुती कापड अंथरावे. गालिचा, लोकरी शाल किंवा प्लॅस्टिकचा कागद नको. अंगावरचा स्थितिज भार उतरवण्यासाठी घरातल्या एखाद्या मोठ्या उघड्या धातूच्या वस्तूला हात लावावा. थंडीच्या कोरड्या दिवसांत, विशेषतः देशावर आणि विदर्भात, ही दक्षता अधिक घ्यावी.

एक्स २३०च्या तळाशी कडेला ड्राइव्हचे झाकण एकाच स्क्रूने धरलेले असते. तो स्क्रू काढून झाकण सरकवले की आत ड्राइव्हला चिकटलेली पट्टी दिसते. ती धरून ड्राइव्ह सरळ रेषेत, वाकडी न करता बाहेर ओढावी. तिच्या दोन्ही कडांना रबरी पट्ट्या असतात. त्या काढून एसएसडीला त्याच दिशेने लावाव्यात, ड्राइव्ह तशीच सरळ आत सरकवावी आणि शेवटी हलका दाब देऊन जोडणी पूर्ण बसल्याची खात्री करावी. जोर लावावा लागत असेल तर थांबावे, बाहेर काढून दिशा पाहावी. झाकण, स्क्रू, बॅटरी याच क्रमाने परत लावावे. सगळे मिळून दहा मिनिटांचे काम आहे.

इतर अनेक लॅपटॉपांत इतके सोपे नसते, तेथे संपूर्ण तळ उघडावा लागतो. डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर ती आधी काढावी, कारण तिच्या जागेत बहुधा लपलेले स्क्रू असतात. एचपीच्या काही मॉडेलांत रबरी पायांखाली स्क्रू असतात. स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते, आणि लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर तो मदरबोर्डापर्यंत किंवा कीबोर्डापर्यंत जाऊन भिडतो. म्हणून कागदावर तळाची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टेपने चिकटवावा. झाकण सोडवायला लोखंडी पाते वापरू नये, जुने एटीएम कार्ड पुरते. झाकण एकदम उचलू नये. काही यंत्रांत त्याला पातळ रिबन केबल जोडलेली असते, आणि तिचा लहान खटका उघडल्याशिवाय ती ओढली तर फाटते. बॅटरी आत असेल तर सर्वांत आधी तिची जोडणी सोडवावी. थिंकपॅडच्या एक्स २४० आणि त्यानंतरच्या आतल्या बॅटरीच्या मॉडेलांत बायोसमधून ती तात्पुरती बंद करण्याची सोय आहे, ती आधी वापरावी. हार्ड डिस्कच्या टोकाला लहान जोडतुकडा किंवा धातूची चौकट असेल तर ती जुन्या डिस्कवरून काढून नव्या ड्राइव्हला लावायला विसरू नये.

लॅपटॉप चालू करून थेट बायोसमध्ये जावे. थिंकपॅडवर त्यासाठी एफ-१ दाबतात. नव्या ड्राइव्हचे नाव यादीत दिसले की बसवणी बरोबर झाली. दिसले नाही तर ती काढून पुन्हा नीट बसवावी, दहापैकी नऊ वेळा जोडणी अर्धवट बसलेली असते. बायोसमधले साटाचे सेटिंग (ड्राइव्हशी संवाद साधण्याची पद्धत) एएचसीआय असे असावे. क्लोन केला असेल तर मात्र हे सेटिंग जुन्या डिस्कच्या वेळी जसे होते तसेच ठेवावे, कारण बदलले तर विंडोज सुरू होताना निळा पडदा येतो.

ऑपरेटिंग सिस्टीम

क्लोन केलेल्यांचे काम येथे जवळजवळ संपले. जुनी डिस्क मात्र पहिल्या वेळी यूएसबीने जोडून ठेवू नये, दोन्ही ड्राइव्हची अंतर्गत ओळख सारखीच असल्याने गोंधळ होतो. नव्याने मांडणी करणाऱ्यांनी आधी कोणती प्रणाली घालायची ते ठरवावे. विंडोज १०ची नियमित मोफत अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, आणि विंडोज ११ अधिकृतपणे घालण्यासाठी टीपीएम २.० ही यंत्रातली सुरक्षा-सोय लागते व इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा असावा लागतो. एक्स २३०मध्ये तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर आहे. एसएसडीने यात काही बदल होत नाही. ज्यांचे काम ब्राउझर, लेखन आणि तक्ते यांत भागते, त्यांनी अशा यंत्रावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टीम घालावी, ही माझी मनापासूनची शिफारस आहे : मिंट २२ला एप्रिल २०२९पर्यंत अद्यतने मिळणार आहेत, ते विनामूल्य आहे, आणि इनस्क्रिप्टने मराठी टंकलेखन त्यात सेटिंगमधून सुरू करता येते. टॅली, श्रीलिपी किंवा डिजिटल सही यांवर ज्यांचे पोट आहे, त्यांना विंडोजवरच राहावे लागेल.

विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन पेनड्राइव्ह तयार करावा; त्यावरचे आधीचे सर्व पुसले जाते. लॅपटॉप सुरू करताना बूट मेनू (यंत्र कोणत्या ड्राइव्हवरून सुरू करायचे ते निवडण्याची यादी) उघडण्यासाठी लेनोवो थिंकपॅड आणि डेलवर एफ-१२, एचपीवर एफ-९ आणि असुसच्या बहुतेक लॅपटॉपवर एस्केप दाबतात. मांडणी चालू असताना यंत्रात एसएसडीखेरीज दुसरी ड्राइव्ह नसावी, नाहीतर विंडोज आपला बूट विभाग दुसरीकडे ठेवू शकते. प्रॉडक्ट की विचारली तर ‘माझ्याकडे की नाही’ या अर्थाचा पर्याय निवडावा आणि होम किंवा प्रो यांपैकी पूर्वी होती तीच आवृत्ती घ्यावी. आधी सक्रिय असलेला डिजिटल परवाना मुख्यतः मदरबोर्डाशी जोडलेला असल्याने इंटरनेट मिळताच तो बहुधा आपोआप लागू होतो. ड्राइव्ह निवडण्याच्या पडद्यावर एकच ‘अनअलोकेटेड स्पेस’ दिसेल. ती निवडून पुढे जावे, विभाग विंडोज स्वतः पाडते.

लिनक्स मिंटसाठी आयएसओ फाइल (संपूर्ण प्रणाली एकत्र बांधलेली फाइल) पेनड्राइव्हवर चढवून त्यावरून यंत्र सुरू केले की मांडणी न करताच ते चालवून पाहता येते. वाय-फाय, आवाज आणि स्लीप ही तीन कामे तेथेच तपासावीत आणि मगच ‘इन्स्टॉल’वर जावे.

बसवल्यानंतर

विंडोजमध्ये ‘डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’ ही खिडकी उघडून मीडिया टाइपखाली सॉलिड स्टेट ड्राइव्ह लिहिले आहे का, एवढे पाहावे. तसे असेल तर विंडोज तिला डीफ्रॅग न करता ठरावीक काळाने ट्रिमचा आदेश पाठवते, म्हणजे पुसलेल्या फायलींची जागा मोकळी झाल्याचे ड्राइव्हला कळवते. मिंटमध्ये हेच काम आठवड्यातून एकदा आपोआप होते. पेजफाइल (रॅम अपुरी पडल्यावर वापरली जाणारी डिस्कवरची जागा) बंद करा, इंडेक्सिंग (फायली लवकर शोधता याव्यात म्हणून ठेवलेली सूची) बंद करा, असे जुने सल्ले आजही फिरताना दिसतात. त्यांची गरज उरलेली नाही आणि पेजफाइल बंद केल्याने कमी रॅमच्या यंत्रात अपायच होतो.

ट्रिमचा एक परिणाम मात्र प्रत्येकाने जाणून असावा. हार्ड डिस्कवर चुकून पुसलेली फाइल पुष्कळदा परत मिळवता येते. एसएसडीवर ट्रिम झाल्यावर ती आशा जवळजवळ राहत नाही. शिवाय हार्ड डिस्क सहसा कुरकुर करत, सूचना देत बिघडते, तर एसएसडी एखाद्या दिवशी पूर्वसूचनेविना दिसेनाशी होऊ शकते. म्हणून नियमित बॅकअपची गरज आता वाढली आहे, कमी झालेली नाही.

या बॅकअपसाठी जुनी डिस्कच उपयोगी पडते, ती निरोगी असेल तर. पहिले दोन-तीन आठवडे तिला हात लावू नये. या काळात एखादा विसरलेला फोल्डर, एखादा फॉन्ट किंवा जुन्या वर्षाची टॅलीची कंपनी हमखास आठवते. त्यानंतर तिला एन्क्लोजरमध्ये घालून बाहेरची ड्राइव्ह म्हणून वापरावे. डीव्हीडी ड्राइव्हच्या जागी बसणारा कॅडी, म्हणजे डिस्क धरणारी चौकट, घेऊन ती लॅपटॉपमध्येच ठेवण्याचाही मार्ग आहे, मात्र त्याची जाडी ९.५ मिमी लागते की १२.७ मिमी, ते मोजून घ्यावे आणि एसएसडी मूळ कप्प्यातच राहू द्यावी, कारण काही जुन्या यंत्रांत डीव्हीडीची जोडणी कमी वेगाची असते. बॅकअपचीच प्रत ठेवायची असेल तर ती लॅपटॉपबाहेर, वेगळ्या जागी असणे मला अधिक सुरक्षित वाटते. डिस्क विकायची किंवा भंगारात द्यायची झाली तर क्विक फॉरमॅटवर समाधान मानू नये. विंडोजच्या फॉरमॅट खिडकीतली क्विक फॉरमॅटची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करावे, त्यात संपूर्ण डिस्कवर शून्ये लिहिली जातात. ५०० जीबीच्या डिस्कला यूएसबी २.० वरून त्यासाठी चार-पाच तास लागतील, ते लागू द्यावेत.